देवघरातलं नाणं घासू नका

मागच्या वेळी आपण शेळ्यांच्या लसीकरणाबद्दल बोललो होतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. आपल्या प्रत्येकीच्या घरात एक डबा असतो. कुणाच्या देवघरात, कुणाच्या पेटीच्या तळाशी, कुणाच्या सासूबाईंच्या उशाशी फडक्यात बांधलेला. त्यात चार आणे, भोकाचा पैसा, एखादा राणी छाप रुपया, एखादं कुणालाच न ओळखणारं काळंकुट्ट तांब्याचं नाणं. आज त्या डब्याबद्दल बोलायचं आहे, आणि असे डबे उघडून बसणाऱ्या एका मंडळींबद्दल.

हा विषय आम्हाला सुचला तो काही हौसेनं नाही. आमच्या एका गटातल्या ताईंचा हप्ता थकला. एक महिना, दोन महिने. तिसऱ्या महिन्याच्या बैठकीला त्या आल्याच नाहीत. आम्ही सहयोगिनी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा त्या आधी चहा करायला उठल्या, मग रडायला लागल्या. झालं होतं ते असं. त्यांच्या मुलानं मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला होता. 'गेंड्याचं चित्र असलेले २५ पैसे तुमच्याकडे असतील तर तुम्ही लखपती झालात.' गेंड्याचे २५ पैसे घरात होतेच. दिलेल्या नंबरवर फोटो पाठवला. समोरचा माणूस गोड बोलला, दीड लाख रुपये किंमत सांगितली, आणि रिझर्व्ह बँकेच्या नावाचं, शिक्का मारलेलं पत्रही मोबाईलवर पाठवलं. फक्त आधी ७५० रुपये नोंदणीचे भरा. मग ३,२०० रुपये जीएसटीचे. मग पैसे घेऊन माणूस निघालाय, त्याच्या विम्याचे ८,००० रुपये. एकूण ११,९५० रुपये. शेळी घ्यायला गटातून उचललेलं कर्ज त्यात गेलं. फोन बंद झाला. घरात मात्र त्यांनी आठवडाभर कुणाला काही सांगितलं नाही.

ते पैसे परत मिळाले नाहीत. आपल्याकडे फसलेल्या बाईला आधी 'तुला अक्कल नव्हती का' हे ऐकावं लागतं, त्या भीतीनं त्या गप्प राहिल्या. असं काही घडलं तर त्याच तासाला १९३० या नंबरवर फोन करायचा असतो. हा सायबर फसवणुकीचा सरकारी नंबर आहे. जितका लवकर फोन, तितके पैसे वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त. आठवडा गेला की फार काही उरत नाही. गटानं त्यांचा हप्ता लहान करून दिला, दंड माफ केला. पण एक प्रश्न उरलाच. ते नाणं खरं किती किमतीचं होतं? आम्हाला कुणालाच सांगता येईना. आम्ही बीए झालेल्या, व्याजाचे हिशोब तोंडी करणाऱ्या, आणि आपल्याच घरातल्या नाण्याबद्दल आम्हाला काही म्हणजे काही माहीत नव्हतं.

तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या माडीवर दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी नाणी जमवणाऱ्यांचा एक क्लब भरतो, हे आम्हाला एका एसटी कंडक्टरकडून कळलं. ते स्वतः त्या क्लबात आहेत. कंडक्टरच्या हाताखालून रोज किती नाणी जातात याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. 'चिल्लर मोजताना माझी नजर आधी नाण्याच्या सालावर जाते,' ते म्हणाले. आम्ही त्यांना विचारलं, बायका आल्या तर चालतील का? ते म्हणाले, 'नियम तर काही नाही. आजवर कुणी आलंच नाही.'

आम्ही अकरा जणी गेलो. पदराआड डबे घेऊन.

क्लब म्हणजे काय असेल याची आमची कल्पना काही वेगळीच होती. प्रत्यक्षात दोन टेबलं जोडलेली, त्यावर जाड सतरंजी आणि वर पांढरं धोतर अंथरलेलं. सतरंजी यासाठी की नाणं हातातून निसटलं तरी आपटू नये. भोवती पंचवीस-तीस माणसं. निवृत्त पोस्टमास्तर, एक शिंपी, भुसार मालाचे एक व्यापारी, दोन कॉलेजची मुलं. वर्षाची वर्गणी २०० रुपये. हजेरीचं रजिस्टर अगदी आपल्या गटासारखं.

तिथल्या काही रीती आम्हाला फार आवडल्या. नाणं दाखवणारा माणूस ते मधोमध ठेवतो आणि मग ते हातोहात फिरतं, पण प्रत्येकानं ते फक्त कडेनं धरायचं, अंगठा आणि पहिलं बोट. चेहऱ्यावर बोट लावायचं नाही, कारण हाताच्या घामानं धातूवर डाग पडतो. आणि नाणं हातात असताना बोलायचं नाही, तोंडातला तुषार उडतो म्हणून. इतक्या बायका एका खोलीत आणि नाणं फिरत असताना सगळ्या गप्प, असं आमच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं असावं.

दुसरी रीत नव्या माणसाची. नव्या सदस्यानं पहिल्या बैठकीला आपल्या जन्मसालाचं एक नाणं आणायचं. त्यावर काय लिहिलंय, ते कुठल्या टाकसाळीत पाडलं, हे मंडळी त्याला वाचून दाखवतात आणि त्याच नाण्यापासून त्याचा संग्रह सुरू होतो. आमच्यात पंचाईत झाली. कुणाची जन्मतारीख १ जून, कुणाची १ जानेवारी, गुरुजींनी शाळेत घातलेली. सालाचाही पत्ता नाही. आमच्यातल्या सगळ्यात थोरल्या आजी म्हणाल्या, 'जन्म कधीचा ते ठाऊक नाही, पण दुष्काळाच्या साली लग्न झालं, १९७२.' पोस्टमास्तर काकांनी १९७२ सालाचं नाणं शोधून त्यांच्या हातावर ठेवलं. आता आमच्या बायकांपुरता तोच नियम झालाय. ज्या सालाची पक्की आठवण, त्या सालाचं नाणं.

टाकसाळ कशी ओळखायची ते आता तुम्हीही घरी पाहू शकता. पाकिटातलं कुठलंही नाणं काढा आणि सालाच्या खाली बघा. चौकटच्या पत्त्यासारखी छोटी खूण असेल तर नाणं मुंबईचं. पाच टोकांचा तारा असेल तर हैदराबादचं. बारीक गोल टिंब असेल तर नोएडाचं. काहीच खूण नसेल तर कोलकात्याचं. सध्या देशात या चारच ठिकाणी नाणी पाडतात. आमच्या गटातल्या मुलींना या खेळाचं इतकं वेड लागलं की बचतीची रक्कम मोजायला आता दुप्पट वेळ लागतो. त्याची आम्हाला थोडी डोकेदुखीच झालीय, पण असो.

मग आम्ही डबे उघडले. आधी अर्थातच गेंड्याचे २५ पैसे. ते पाहून कुणी हसलं नाही, याबद्दल आम्ही त्या मंडळींचे कायम ऋणी आहोत. शिंपीकाका म्हणाले, 'हे आमच्या अल्बममध्ये आहे. क्लबात याला फार तर पाच-दहा रुपये येतील.' स्टीलचं, लाखो-करोडोंनी पाडलेलं नाणं. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बंद झाली, म्हणून ती जुनी वाटतात. पण जुनं म्हणजे दुर्मीळ नव्हे. नाण्याची किंमत ते किती वर्षांचं यावर ठरत नाही. ते किती उरलंय, किती जणांना हवंय आणि किती चांगल्या स्थितीत आहे, यावर ठरते. दोन हजार वर्षांपूर्वीचं शिशाचं झिजलेलं नाणं काहीशे रुपयांना मिळतं आणि शंभर वर्षांच्या आतला एखादा रुपया हजारो देऊनही मिळत नाही.

वैष्णोदेवीचं चित्र असलेलं पाच-दहाचं नाणं, ट्रॅक्टरची पाचची नोट, ७८६ आकड्याची नोट, हे सगळं त्याच माळेतलं. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलं आहे की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीत ती पडत नाही आणि त्यासाठी कुणाकडूनही कसलंच शुल्क किंवा कमिशन मागत नाही. इतकं एक वाक्य लक्षात ठेवलं तरी पुरे. विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून आधी पैसे का मागेल? बाजारात वांगी विकताना गिऱ्हाईक कधी आपल्याकडून पैसे मागतं का?

याच जातीची दुसरी फसवणूक जास्त वाईट आहे. 'तांदूळ ओढणारं नाणं'. ईस्ट इंडिया कंपनीचं एक नाणं असतं, ते तांदळाचे दाणे स्वतःकडे खेचतं, परदेशात त्याला कोटींची किंमत आहे, असं सांगून गावोगाव लोकांना लुबाडलं गेलंय. तांदळाला ओढणारा कुठलाही धातू नाही. त्यासाठी दाखवतात ती नाणी बहुधा रामदरबार किंवा हनुमानाचं चित्र असलेली, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी, एक आणा, १८१८' असं काही लिहिलेली. कंपनीनं देवाचं चित्र असलेला तांब्याचा एक आणा कधीच पाडला नाही. एक आण्याचं नाणंच मुळी १९०७ साली पहिल्यांदा निघालं, आणि तोवर कंपनी जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. हे देवळाबाहेर विकले जाणारे टाक आहेत. देवघरात ठेवा, पूजा करा, त्यात काही वावगं नाही. पण त्यावर जमीन गहाण टाकू नका.

आता आण्यांचा विषय निघालाच आहे तर तेही सांगतो. 'सोळा आणे खरं' असं आपण म्हणतो, 'पै न् पै वसूल' म्हणतो, पण पोरींना विचारा, सोळाच का? एका रुपयाचे १६ आणे. एका आण्याचे ४ पैसे. एका पैशाच्या ३ पई. म्हणजे रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पई. १ एप्रिल १९५७ ला हे बदललं आणि रुपयाचे १०० पैसे झाले. जुना पैसा आणि नवा पैसा यांचा घोळ होऊ नये म्हणून नाण्यावर 'नया पैसा' असं छापलं. १९६४ मध्ये ते 'नया' काढून टाकलं. आमच्या त्या थोरल्या आजींच्या सासूबाई मरेपर्यंत आण्यातच हिशोब करायच्या म्हणे. चार आणे म्हणजे २५ पैसे सरळ होतं, पण एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. दुकानदार सहाच द्यायचा आणि पाव पैसा खायचा, हे त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

आणि भोकाचा पैसा? आपल्यातल्या कितीतरी जणींच्या घरी लहान बाळाच्या कमरेच्या काळ्या दोऱ्यात तो ओवलेला असायचा. पुष्कळ जणींना वाटतं की तो दृष्ट लागू नये म्हणूनच तसा बनवला. तो दुसऱ्या महायुद्धातला, १९४३ पासूनचा. युद्धाला तांबं लागत होतं, म्हणून मधलं तांबं काढून घेतलं. दोऱ्यात ओवणं ही आपल्या बायकांची युक्ती.

क्लबातली मंडळी सगळ्यात जास्त रमली ती मात्र एका पुतळ्यांच्या माळेत. आमच्यातल्या एकीनं घाबरत घाबरत ती काढली. पुतळी हा दागिना आपण सगळ्या ओळखतो. पण पुतळी हे मुळात नाणं होतं. इटलीतल्या व्हेनिस शहराचं सोन्याचं नाणं समुद्रमार्गे व्यापारात आपल्याकडे यायचं. त्यावर उभ्या माणसांच्या आकृती होत्या, म्हणून आपल्या लोकांनी त्याला पुतळी म्हटलं. सोनं चांगलं म्हणून त्याची माळ केली, आणि पुढे खरी नाणी मिळेनाशी झाल्यावर सोनार तसाच ठसा मारून पुतळ्या करू लागले. ती माळ सोनारानं घडवलेलीच निघाली, पण त्या ताईंना त्याचं वाईट वाटलं नाही. आजवर ती माळ फक्त 'किती तोळ्याची' एवढ्यावरच मोजली गेली होती. बंजारा बायकांच्या दागिन्यांत आणि कपड्यांवर ओवलेली नाणीही अशीच. माहेरचा पैसा अंगावर, नवऱ्याच्या खिशाबाहेर. ही बचत आमच्या गटांच्या कितीतरी आधीची आहे.

आता आमच्या भागातली गोष्ट. ही आम्हाला तिथे पहिल्यांदा कळली आणि इतकी वर्षं कुणी सांगितली कशी नाही याचा थोडा रागच आला. सिन्नर तालुक्यात गोदावरीच्या बाजूला जोगलटेंभी नावाचं गाव आहे. १९०६ साली तिथे चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडाथोडका नाही, १३ हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपान नावाच्या शक राजाची. नाण्याच्या एका बाजूला त्याचा चेहरा, भोवती ग्रीक अक्षरं. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र. पण त्यातल्या दोनतृतीयांशांहून जास्त नाण्यांवर त्या चेहऱ्याच्याच उरावर दुसरा ठसा मारलेला होता. तीन कमानींचा डोंगर, आणि मागे चार वर्तुळं जोडलेलं चिन्ह. हा ठसा सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा. म्हणजे काय झालं? गौतमीपुत्रानं नहपानाचा पराभव केला, आणि त्याची नाणी वितळवत न बसता त्यांच्यावर आपला शिक्का मारून तीच चालवली. कुणाचं राज्य गेलं आणि कुणाचं आलं, हे बाजारातल्या बाईला नाणं हातात घेताच कळलं असणार.

यातली खरी गंमत पुढे आहे. नाशिकच्या पांडवलेण्यांत तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात एक मोठा लेख कोरलेला आहे. तो कुणा राजानं किंवा भाटानं कोरवून घेतलेला नाही. गौतमीपुत्राच्या आईनं, गौतमी बलश्रीनं, नातवाच्या कारकिर्दीत ते लेणं भिक्षूंना दान दिलं, तेव्हाचा तो लेख आहे. त्यात ती आपल्या गेलेल्या मुलाबद्दल सांगते की त्यानं क्षहरातांचा वंश उखडून काढला. नहपान हा क्षहरात कुळातलाच. आता आईनं मुलाचं कौतुक केलं तर लोक काय म्हणतात ते आपल्याला माहीत आहे. आई ती, वाढवूनच सांगणार. पण अठराशे वर्षांनी मातीतून नाणी निघाली आणि म्हातारीचा शब्द न् शब्द खरा ठरला. राजा आपल्या नावात आईचं नाव लावतो, हे आम्ही शाळेत पाठ केलं होतं. आई स्वतः काय बोलली होती, ते नाही.

हे ऐकून आम्ही बायकांची एक सहल काढली. एका दिवसात पांडवलेणी आणि त्र्यंबकच्या रस्त्यावरचं अंजनेरी. अंजनेरीला नाण्यांचा अभ्यास करणारी संस्था आणि नाण्यांचं संग्रहालय आहे. डबे घरून नेले, खर्च माणशी गाडीभाडं तेवढा. लेण्यांच्या पायऱ्या चढताना दोघींचे गुडघे बोलले, पण त्या लेखासमोर थांबल्यावर सगळ्या गप्प. नाणं हातात नसतानाही.

तिथल्याच बोलण्यात अहिल्याबाईंचं नाव निघालं. चौंडीची लेक, इंदूरच्या होळकरांची सून. त्यांच्या काळातल्या नाण्यांवर शिवपिंड आणि बेलाचं पान आहे, आणि सोबत नाव दिल्लीच्या बादशहाचं, कारण तेव्हाचा रिवाजच तसा होता. नावाच्या जागी बादशहा आणि खुणेच्या जागी आपला महादेव. घर सांभाळणाऱ्या कुठल्याही बाईला यातली शहाणपणाची बाजू समजावून सांगायला नको.

आता पैशाची गोष्ट, जी तुमच्या उपयोगाची आहे. आमच्या एका ताईंकडे मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पैसे कमी पडत होते. घरात अकरा चांदीचे रुपये होते. सोनारानं सगळ्यांना सरसकट एकच दर सांगितला. त्या विकायला निघाल्याच होत्या, पण आधी क्लबात घेऊन आल्या. पोस्टमास्तर काकांनी अकराही नाणी सालाप्रमाणे लावली. १९३९ पर्यंतच्या रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम आणि त्यात शेकडा ९१.७ चांदी. म्हणजे एका रुपयात साधारण १०.७ ग्रॅम शुद्ध चांदी. १९४० पासून वजन तेवढंच, पण चांदी निम्मी केली. म्हणजे ५.८३ ग्रॅम. १९४७ पासून चांदी नाहीच, निकेल. अकरापैकी सात राणीचे आणि पंचम जॉर्जचे, चांगल्या चांदीचे. तीन १९४० नंतरचे, निम्म्या चांदीचे. आणि एक १९४७ चा, वाघाचं चित्र असलेला, दिसायला शुभ्र, पण लोहचुंबकाला चटकन चिकटला. चांदी चुंबकाला चिकटत नाही. सोनारानं सगळ्यांना एकच दर लावला होता तो कमीतला.

सातपैकी एक १९११ सालचा होता. त्याचीही गोष्ट आहे. पंचम जॉर्ज गादीवर बसल्यावर जो रुपया निघाला, त्यात राजाच्या झग्यावर छोटा हत्ती होता. पण सोंड इतकी आखूड की लोकांना ते डुक्कर वाटलं. मुसलमान लोकांत संताप झाला, बरीच नाणी परत घेऊन वितळवली आणि पुढच्या वर्षीपासून हत्ती सुधारला. म्हणून १९११ चा रुपया साध्या रुपयापेक्षा कमी सापडतो. तो ताईंनी राखून ठेवला. बाकीच्या सहा चांगल्या रुपयांना चांदीच्या भावापेक्षा थोडं जास्तच मिळालं. फी भरली गेली. फार मोठं घबाड मिळालं असं आम्ही म्हणणार नाही. पण सोनारानं देऊ केलेल्या रकमेच्या दीडपट पैसे हातात आले, आणि एक नाणं लेकीसाठी उरलं.

इथे एक मात्र सांगायला हवं. क्लबात सगळे साधुसंत असतात असं समजू नका. तिथे जमवणारे असतात तसे विकणारेही असतात, आणि आपल्याला माहिती नसलेली गोष्ट स्वस्तात घ्यायचा मोह भल्याभल्यांना होतो. म्हणून आम्ही बायकांनी आमच्यापुरते दोन नियम केलेत. पहिल्या भेटीत काहीही विकायचं नाही. आणि किंमत निदान दोन वेगळ्या माणसांना, वेगवेगळं विचारायची. क्लबाच्या वर्षाअखेरच्या लिलावाची पद्धत त्या मानानं बरी आहे. प्रत्येक नाण्याजवळ चिठ्ठीवर किमान किंमत लिहिलेली, बोली सगळ्यांसमोर, हिशोब फळ्यावर. भिशीच्या लिलावासारखंच.

शिवराईबद्दलही सांभाळा. छत्रपती शिवाजी महाराजांनी पाडलेली तांब्याची शिवराई, एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. हे नाणं महाराजांनंतरही पुष्कळ वर्षं पाडलं जात राहिलं, त्यामुळे घरोघरी सापडणारी बहुतेक ढब्बू नाणी नंतरच्या काळातली असतात. ती खरीच असतात, पण महाराजांच्या हातची नव्हेत. सोन्याचा होन कुणी स्वस्तात देतोय म्हटलं तर तिथून सरळ चालू पडा. होनाच्या नकला ढिगानं आहेत.

शेतात, विहीर खणताना, रोजगार हमीच्या कामावर नाणी सापडली तर काय? हा प्रश्न क्लबात एकीनं हळूच विचारला आणि खोली शांत झाली. कायदा १८७८ सालचा आहे, निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर तुरुंगवास होऊ शकतो. पण आपल्याला अर्धीच गोष्ट माहीत असते. त्याच कायद्यात सापडणाऱ्याचा हक्कही लिहिलाय. पुरलेल्या धनाचा कुणी मालक निघाला नाही आणि जमीनमालकाशी वेगळा करार नसेल, तर सापडणाऱ्याला तीन हिस्से आणि जमीनमालकाला एक. सरकारनं ते स्वतःसाठी घेतलं, तर धातूच्या किमतीवर आणखी एकपंचमांश जोडून पैसे द्यायचे. हे माहीत नसल्यानं लोक रात्रीत नाणी वितळवतात, आणि गौतमी बलश्रीसारख्या कुणाची साक्ष मुशीत जाते. अर्ज देताना दोन प्रती करा, एकीवर पोचेचा सही-शिक्का घ्या, आणि फोटो काढून ठेवा. शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी देशाबाहेर पाठवायला बंदी आहे, हेही लक्षात असू द्या. परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेत सहज म्हणून टाकू नका.

आणि आठवडी बाजारात दहाचं नाणं कुणी नाकारलं तर? दहाच्या नाण्याचे रिझर्व्ह बँकेनं २०१८ मध्ये चौदा वेगवेगळे नमुने सांगितले होते, आणि ते सगळे चलनात आहेत. रुपयाची खूण असलेलं आणि नसलेलं, दोन्ही खरी. पन्नास पैशांचं नाणंसुद्धा अजून बंद झालेलं नाही. आमच्यातली एक भाजीवाली आता नाणं नाकारणाऱ्याला एवढा मोठा तास घेते की लोक मुकाट्यानं घेऊन जातात.

पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी साडेदहाला पुन्हा बैठक आहे. आमच्या तिघी सहयोगिनींपैकी कुणालाही आधी सांगा, एकत्र जाऊ. येताना डबा आहे तसाच आणा. चिंच, राख, पावडर, लिंबू काही लावू नका. तांब्यावरचा तो हिरवट-काळा थर म्हणजे घाण नव्हे, त्याच्याखाली अक्षरं जपली जातात. घासलेल्या नाण्याची किंमत निम्म्यावर येते आणि ती पुन्हा वर जात नाही. प्रत्येक नाणं वेगळ्या कागदाच्या पुडीत गुंडाळा, प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र खळखळवू नका. पुडीवर पेन्सिलीनं लिहा, हे कुणाकडून आलं. आजेसासूकडून, माहेरून, नांगरताना, ओटीत. साल आम्ही तिथे वाचू. कुणाकडून आलं हे मात्र तुमच्याशिवाय कुणाला सांगता येणार नाही. ज्या ताईंच्या फसवणुकीनं हे सगळं सुरू झालं, त्या आता क्लबाचं हजेरीचं रजिस्टर लिहितात. गेंड्याचे २५ पैसे त्यांनी विकले नाहीत. त्यांच्या पुडीवर लिहिलंय, '११,९५० रुपये'.